गोड मक्याचं घरचं बी: शेतकऱ्यासाठी सरळ वाण घडवता येईल का?

कुकडीकाठ

मंडळी, जुन्नर-आंबेगाव भागात स्वीट कॉर्न आता वर्षभर कुठल्या ना कुठल्या रानात उभा दिसतो. कांदा निघाला, उसाला अजून अवकाश आहे, टोमॅटोचे मांडव उतरवलेत, अशा मधल्या दिवसांत हे पीक चपखल बसतं. ७५ ते ९० दिवसांत कणीस मोडून गाडीत भरायचं आणि मागे राहिलेली हिरवी ताटं गोठ्याला. दुधाचा धंदा असलेल्या घराला या वैरणीचं मोल कणसाइतकंच असतं. भाव पडला तरी जनावरांच्या तोंडी चारा लागतोच.

मला बोलायचंय ते बियाण्याबद्दल. दर हंगामाला नवी पिशवी, नवा भाव, आणि दुकानात असेल तोच वाण. जवळपास सगळे संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या जुळणीतले; त्यांचं बी धरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, त्यामुळे घरचं बी धरायची सोय नाही. हे वाण वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यातले काही फार चांगले आहेत, त्यांच्यामुळेच हे पीक इकडे रुजलं. पण वाण निवडताना गोडी, पिवळा रंग, कणसाची लांबी आणि एकसारखेपणा एवढंच मोजलं जातं. रानात माणसाला जे भोगावं लागतं ते मोजायला कुणी येत नाही.

स्वीट कॉर्नचं बी तळहातावर घेऊन बघा. मुरघासाच्या (जनावरांसाठी चारा मुरवून ठेवायच्या) मक्याचा दाणा टपोरा, जड. हा चपटा, सुरकुतलेला, मधे खड्डा पडलेला; मूठभर घेतला तरी वजन लागत नाही. गोडीसाठी दाण्यातला स्टार्च कमी झालेला असतो, आणि कोंब जमिनीबाहेर येईपर्यंत त्याची शिदोरी तोच स्टार्च असतो. जमीन कोमट आणि वाफसा बरोबर असला तर हे बी छान उगवतं. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. त्यात पेरलं आणि पाण्याची पाळी जरा जड झाली की दाणा मातीतच कुजतो. मग ओळीत नांगे, म्हणजे रिकाम्या जागा पडतात. मक्यात नांगे भरूनही फारसा उपयोग नाही: मागून टोकलेलं रोप सावलीत सापडतं आणि त्याचं कणीस बारकंच राहतं.

दुसरी गोष्ट कणसाच्या टोकाची. वरची साल टोकाच्या पुढे चार बोटं आलेली आणि घट्ट मिटलेली असली, तर अळीला केसांच्या वाटेने आत शिरणं अवघड जातं. टोक उघडं असलं की आधी अळी, मग पावसाचं पाणी, मग बुरशी. २०१८ मध्ये लष्करी अळी भारतात आली तेव्हापासून पोंग्यातल्या (झाडाच्या शेंड्याच्या गुंडाळीतल्या) फवारण्या आधीच वाढल्यात. निदान कणसाने तरी स्वतःचं रक्षण करावं.

तिसरी, पावसाळ्यातला करपा हा पानांचा रोग. खालून पानं करपत आली की दाणा भरत नाही आणि वैरणही हातची जाते. त्या वैरणीची किंमत वाणाच्या माहितीपत्रकात कुठेच नसते.

थंडीत उगवणारा, टोक झाकणारा, करप्याला दाद न देणारा, चारा देणारा आणि अर्थातच गोड असा मक्याचा सरळ वाण (ज्याचं बी धरलं तरी वाण तसाच राहतो) आपल्याच रानात निवडून घडवता येईल का? बी दरवर्षी घरचं. कुणी केलंय का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

हस्त_नक्षत्र

कुकडीकाठ, धागा काढलात ते बरं झालं. मी मका पैदासीत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आधी थोडं मूळ सांगते. ते कळल्याशिवाय वाण जमवायला गेलात तर सगळा मका एका हंगामात साधा होऊन बसेल.

साध्या मक्यात पानांतून आलेली साखर दाण्यात पोचली की तिचा स्टार्च होतो. गोड मक्यात या वाटेवरचं एखादं जनुक काम करत नाही, म्हणून साखर साखरच राहते. हा बदल निसर्गात आपोआप झालेला आहे. आपल्या बाजारातल्या स्वीट कॉर्नचा जीएमशी (प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या पिकाशी) काही संबंध नाही.

पण असं जनुक एकच नाही, आणि पेच तिथेच आहे. सगळ्यात जुनं 'शुगरी-१'. अमेरिकेतल्या इरोक्वाय लोकांकडे हा मका होता आणि १७७९ च्या सुमारास तो गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती लागला. पुढे १९०२ मध्ये बर्पी या बियाणे कंपनीने 'गोल्डन बँटम' बाजारात आणला. तोवर तिकडे पिवळा मका गुरांचा आणि पांढरा माणसांचा असा समज होता, तो या एका वाणाने मोडला. शुगरी-१ चा दाणा मलईदार असतो, कारण त्यात पाण्यात विरघळणारा एक स्टार्चसारखा पदार्थ साठतो. पण तोडल्यावर त्याची गोडी फार झपाट्याने उतरते.

दुसरं 'श्रंकन-२'. इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की या सुरकुतलेल्या दाण्यात साध्या गोड मक्याच्या कितीतरी पट साखर असते. बियाणे कंपन्यांनी सुरुवातीला फारसा रस घेतला नाही. १९६१ मध्ये 'इलिनी एक्स्ट्रा स्वीट' आला आणि आज जगात सुपर स्वीट म्हणून जे विकलं जातं त्यातलं बहुतेक याच जनुकाचं आहे. तोडल्यावर त्याची साखर चटकन स्टार्चकडे वळत नाही, म्हणून ते मंचरहून मुंबईला गेलं तरी गोड राहतं. तुम्ही म्हणता ती उगवणीची रडकथाही याचीच.

तिसरं 'ब्रिटल-१'. कागदोपत्री याला बीटी-१ म्हणतात, पण कापसातल्या बीटीशी त्याचं काही नातं नाही. हवाई विद्यापीठाच्या जेम्स ब्रूबेकर यांनी हे जनुक घेऊन उष्ण प्रदेशासाठी गोड मक्याचे सरळ वाण तयार केले आणि त्यांत तिथल्या मोझॅक विषाणूला टिकणारी ताकदही आणली. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर 'हो'. शेतकरी बी धरू शकेल असा सुपर स्वीट सरळ वाण बनतो, आणि तो उष्ण हवामानात बनलेला आहे.

आपल्या देशातही हैदराबादच्या कृषी विद्यापीठाकडून 'माधुरी' आणि 'प्रिया' हे संमिश्र वाण (अनेक वाण मिसळून केलेले, बी धरता येणारे) आलेले आहेत. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा सुपर स्वीट कॉर्न-१' आहे, पण तो संकरित.

आता सावधगिरी. शुगरी-१ चा वाण आणि श्रंकन-२ चा वाण शेजारी लावलेत आणि दोघांचा तुरा एका वेळी आला, तर दोन्हीकडे स्टार्चचे, बेचव दाणे भरतात. प्रत्येकात दुसऱ्याचं शाबूत जनुक असतं, ते एकत्र आलं की वाट पुन्हा मोकळी होते. शेजारच्या मुरघासाच्या मक्याचे परागही हाच घोटाळा करतात, आणि तो पुढच्या पिढीत नव्हे, त्याच कणसात दिसतो. खाण्याच्या पिकाला फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवलं तर भागतं. बी धरायचं तर किमान २०० मीटरच्या आत दुसरा मका नको. जास्त अंतर मिळालं तर उत्तमच.

बांधावरचा

मी मिरजेकडचा. ताई, माहिती लाखमोलाची. पण मी थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

आमच्याकडे व्यापारी बांधावर येतो तेव्हा पहिला प्रश्न 'कुठला वाण?' हाच. ठरलेलं नाव सांगितलं तर भाव, नाही तर गाडी पुढच्या गावाला. कणसं एका लांबीची पाहिजेत, सगळी दोन-तीन दिवसांत मोडायला आली पाहिजेत, कारण मजूर आणि गाडी पुन्हा पुन्हा मिळत नाही. सरळ वाणात एक झाड छातीएवढं, दुसरं डोक्यावर. एक कणीस आज चिकात, दुसरं आठवड्याने. माल कोण घेणार?

आणि बियाण्याचा त्रास मला नाही असं नाही. गेल्या थंडीत एका दुकानातून आणलेली पिशवी निम्मी उगवली. तक्रार केली तर उत्तर मिळालं की तुम्ही पाणी जास्त दिलं. पंचनाम्याला कुणी आलं तोवर रान नांगरून झालं होतं. तेव्हा घरचं बी मलाही हवंय. पण त्या बियाण्याचा माल विकला गेला पाहिजे.

मेंडोटा

मी मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहतो. बांधावरचा आणि कुकडीकाठ या दोघांच्या प्रश्नांशी थेट जुळणारं एक काम इथल्या विद्यापीठात झालंय, ते सविस्तर लिहितो.

बिल ट्रेसी हे इथले गोड मक्याचे पैदासकार. सरकारी विद्यापीठात बसून गोड मक्यावर काम करणारी माणसं अमेरिकेतही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. शेजारच्या मिनेसोटा राज्यातले मार्टिन डिफ्ली हे सेंद्रिय शेतकरी. त्यांची अडचण कुकडीकाठ यांच्याच जातीची होती. सेंद्रिय शेतीत बुरशीनाशक चोळलेलं बी चालत नाही. इथे वसंतात जमीन बर्फातून नुकती बाहेर आलेली असते, इतकी गार. अशा जमिनीत उघडं बी पेरलं की कुजतं. बाजारातले वाण चोळलेल्या बियाण्यावर तपासून निवडलेले असतात, त्यामुळे मुळातच उगवणीला दणकट असलेला वाण मिळेना.

'ऑरगॅनिक सीड अलायन्स' ही संस्था मध्ये पडली आणि २००८ मध्ये तिघांनी मिळून काम सुरू केलं. निवड विद्यापीठाच्या प्रयोगक्षेत्रापुरती न ठेवता शेतकऱ्याच्या रानात नेली. तिथली माती, तिथलं तण, तिथली थंडी. २०१४ मध्ये त्यातून 'हू गेट्स किस्ड?' नावाचा पिवळ्या-पांढऱ्या दाण्यांचा सरळ वाण बाहेर आला. बी विक्रीला आणलं ते 'हाय मोइंग' या सेंद्रिय बियाणे कंपनीने. शेतकऱ्याने बी धरावं आणि आपल्या रानात आणखी निवड करत राहावं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

अशा निवडीची साधारण रीत सांगतो, कारण ती कुणीही गावात करू शकेल. चांगल्या कणसांचं बी एकत्र मिसळायचं नाही. एका कणसाचे दाणे एका ओळीत. म्हणजे प्रत्येक ओळ एका आईची. आता रानात उभं राहिलं की न मोजताही दिसतं: या ओळीत तुटाळ आहे, ही शेजारची सलग उगवलीय, ही वाऱ्यात आडवी झाली, हिच्या पानांवर तांबेरा आहे. एकेकटं झाड बघून निवड केली तर ते चांगलं झाड चांगल्या आईमुळे आहे की खताच्या ढिगावर पडल्यामुळे, हे कळत नाही. ओळ बघितली की कळतं.

गोड मक्यात मात्र एक पेच असा आहे जो ज्वारी-बाजरीत नाही. चव बघायची तर कणीस दुधाळ असताना खावं लागतं, आणि खाल्लं की बी गेलं. त्यावरचा तोडगा म्हणजे पेरतानाच प्रत्येक कणसाचे अर्धे दाणे नंबर घालून पाकिटात जपून ठेवायचे. ओळीतली कणसं मोडायची, चावून बघायची, सोलून टोक तपासायचं. ज्या ओळी पसंत पडतील त्यांची पाकिटं पुढच्या हंगामात उघडायची आणि फक्त तीच एकत्र पेरून आपापसात फुलू द्यायची. नापसंत ओळींचे परागही मग यात येत नाहीत.

चव बघायला माणसं हवीत, यंत्राने भागत नाही. माझ्या मते या सगळ्या कामातलं शहाणपण त्या ओळींमध्ये चाखत फिरण्यात आहे. ज्याला माल विकायचाय तोच चाखतोय आणि ज्याला बी उगवून हवंय तोच ओळ खोडतोय.

बांधावरचा, तुमचा मुद्दा इथेही आलाच. कारखान्याला माल घालणारा शेतकरी अजूनही संकरित वाणच लावतो आणि ते बरोबरही आहे. हा वाण बाजारात बसून थेट विकणाऱ्याचा. त्याला एका दिवशी सगळी कणसं नकोच असतात. दर शनिवारी थोडीथोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

माहेरची_चूल

मी शेतकरी नाही, खाणारी आहे, पण धागा एका दमात वाचून काढला. एक सांगावंसं वाटतं. स्वीट कॉर्न उकडून खायला छान, पण मक्याचा कीस करायला घेतला की पाणी सुटतं आणि कितीही परतला तरी मोकळा होत नाही. दाण्याच्या कुटात कणसाचे तुकडे बुरखुंडासकट शिजवून आम्ही रस्सा करतो, त्यालाही गावरान मकाच लागतो. स्वीट कॉर्नने रस्सा गुळचट होतो आणि दाटपणा येत नाही. निखाऱ्यावर भाजायलाही गावरानच. सगळा बाजार एकाच गोडीच्या मागे का लागलाय? नवा वाण घडवणार असाल तर थोडा कमी गोड पण चवीला भरीव असा विचार करता येईल का?

शिवाय मला वाटतं दाण्याच्या सालीचा त्रास कुणी बोलतच नाही. काही कणसांचं टरफल दातात अडकतं, काहींचं कळतही नाही.

हस्त_नक्षत्र

माहेरची_चूल, तुमची पोस्ट मला इथल्या कुठल्याही तांत्रिक मुद्द्याइतकी महत्त्वाची वाटते. कीस मोकळा होत नाही तो स्टार्च नसल्यामुळे. तुम्हाला हवा आहे तो मका शुगरी-१ च्या जवळचा आहे: गोडी मध्यम, दाणा मलईदार, आणि बी श्रंकन-२ पेक्षा दणकट. तो मुंबईच्या गाडीत टिकणार नाही, पण गावच्या बाजारात सकाळी मोडून दुपारपर्यंत विकायचा असेल तर फार गुणी. पहाटे मोडायचा, साल न काढता सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. उन्हात ढीग मारला तर एका दिवसात निम्म्या गोडीची आशा सोडा.

दातात अडकणाऱ्या टरफलाबद्दल: उष्ण प्रदेशातल्या मक्यांचं टरफल जात्याच जाड असतं. ते पातळ करत नेलं की खायला मऊ, पण बी मळताना तडकतं आणि त्या भेगेतून बुरशी शिरते. म्हणून टरफल दात सांगतील तेवढंच पातळ करावं. द्राक्षवाल्यांच्या घरी ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघायचं यंत्र असतंच, ते मक्याला लावायचा मोह होईल. मक्यात त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. दाण्याच्या रसात साखरेखेरीज विरघळलेलं बरंच काही असतं, त्यामुळे आकडा मोठा आणि चव बेताची असं होतं. चावूनच बघा.

सातपुडा

मी धडगाव भागात कामानिमित्त फिरतो. तिथल्या पाड्यांवर अजून पांढरा, पिवळा, लालसर, जांभळट असे जुने मके आहेत. बायफ या ग्रामविकास संस्थेच्या मंडळींनी त्यांचं संकलन आणि बीजसंवर्धनही केलंय. बी निवडणं बहुतेक घरातल्या बायकांकडे असतं. भरगच्च कणीस, सरळ ओळी, झाकलेलं टोक बघून काढतात आणि साल मागे वळवून जुडी बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुराने टोके (धान्यातला किडा) लागत नाही. पावसाच्या तोंडावर उतरवून तेच पेरायचं. उतारावरच्या हलक्या जमिनीत, खत-पाण्याशिवाय हे बी उगवून येतं.

माझा प्रश्न असा की ही ताकद गोड मक्यात आणता येईल का? आणि आणली तर ज्यांच्या घरातून ती आली त्या पाड्यांचं नाव आणि हक्क कुठे राहणार?

हस्त_नक्षत्र

सातपुडा, आणता येते, आणि गोड मक्यातली ही निवड डोळ्यांनी करता येते म्हणून मला ती फार आवडते. गावरान मक्यावर गोड मक्याचे पराग टाका. पहिल्या पिढीत सगळी कणसं साधी, गोल दाण्यांची. गोडी झाकली जाते. तेच दाणे पेरून झाडं आपापसात फुलू द्या. आता कणीस वाळवून सोला. टपोऱ्या, चकचकीत दाण्यांमध्ये मधूनच खपाटीला गेलेले, सुरकुतलेले दाणे बसलेले दिसतील, साधारण चारात एक. तेच गोड. अंगठ्याने एकेक उचकून वेगळे काढायचे. पुढे यांच्यात गोल दाणा यायला नको. आलाच तर बाहेरून पराग आलेत, तो दाणा फेकायचा. प्रयोगशाळा लागत नाही.

मात्र पहिल्याच फेरीत सगळं साधत नाही. गावरानाबरोबर जाड टरफल, उंच झाड, उशीर हेही येतं. म्हणून निवडलेल्या दाण्यांची झाडं पुन्हा एकदा चांगल्या गोड वाणाशी जुळवावी लागतात आणि मग मेंडोटा यांनी सांगितलेली ओळींची निवड. सुरकुतलेल्या दाण्यांतही सगळे सारखे उगवत नाहीत, तोच फरक आपल्याला पकडायचाय. ओला कागद गुंडाळून त्यात बी ठेवायचं, आठवडाभर १० अंशांच्या आसपास, मग चार दिवस उबेत, आणि किती धड कोंब आले ते मोजायचे. उगवणीची थंडीतली चाचणी जगभर साधारण अशीच करतात.

हक्काचं: आपल्याकडचा २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. संरक्षित वाणाचंही बी शेतकऱ्याला ठेवता येतं, पेरता येतं, देता-घेता येतं, विकताही येतं. फक्त नाव छापलेल्या पिशवीत भरून विकता येत नाही. शेतकऱ्यांचे जुने वाण त्यांच्याच नावे नोंदवता येतात, समूहाच्या नावेही. तेव्हा धडगावचा मका वापरायच्या आधी त्या पाड्यांच्या नावे नोंदणी झालीय का ते बघा, नसेल तर ती आधी करा. वाण तयार झाल्यावर आभार मानून भागणार नाही.

कुकडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचल्यावर माझ्या डोक्यात जे बसतंय ते मांडतो, चुकत असेल तर हस्तताईंनी सांगावं.

सुरुवात गावरानापासून न करता बाजारातल्या गोड वाणांपासून करावी. सगळे एकाच गटातले, म्हणजे श्रंकन-२ चे, असे तीन-चार वेगवेगळे संकरित वाण आणि त्यात एखादा संमिश्र वाण, असं मिसळून एका तुकड्यात आपापसात फुलू द्यायचं. गट एकच असल्यामुळे दाणा गोडच राहील. उंची, दिवस, कणीस मात्र सगळं पांगेल. आपल्याला ते पांगलेलंच हवंय, त्यातूनच निवडायचंय. दुसरीकडे सातपुडा यांनी सुचवलेला गावरानाचा धागा संथपणे चालू ठेवायचा आणि तयार झाला की यात मिसळायचा.

निवडीच्या ओळी मुद्दाम डिसेंबरच्या थंडीत टाकायच्या, बी न चोळता. जी ओळ तिथे सलग उगवेल तिचं पाकीट राखायचं. पावसाळ्यात करप्यासाठी दुसरी फेरी. आणि कणीस मोडल्यावर ताटं किती हिरवी राहिली याची नोंद ठेवायचीच, ती मी सोडणार नाही.

बांधावरचा, तुमच्या व्यापाऱ्याला हा माल द्यायचा माझा आग्रह नाही. आमच्याकडे नाशिक रस्त्यावर बसून कणीस भाजणारे-उकडणारे भरपूर आहेत. त्यांना रोज शे-दीडशे कणसं हवी असतात, एका दिवशी गाडीभर नको असतात. आठ-दहा दिवस टप्प्याने येणारा वाण त्यांना सोयीचाच आहे. तो आधी तिथे चालवून बघू.

हस्त_नक्षत्र

मांडणी बरोबर आहे. दोन गोष्टी जोडते.

एक, आकडा कमी धरू नका. मका परक्याच्या परागांवर जगतो, थोड्याच झाडांवरून बी धरलं की काही पिढ्यांत खुजा आणि वांझोटा होत जातो. मिसळण्याच्या तुकड्यात किमान २०० झाडं उभी राहिली पाहिजेत आणि बी १०० च्या आसपास कणसांचं, प्रत्येकाचे सारखे दाणे घेऊन. एकाच देखण्या कणसाच्या मोहात पडू नका.

दोन, गोड मक्याचं बी वाळवणं अवघड. साखरेमुळे दाणा हळू सुकतो आणि कणसावरच बुरशी धरतो. पाऊस पडेल अशा बेताने पेरू नका. साल पिवळी पडली की कणीस काढून, सोलून, सावलीत वाऱ्याला टांगा. पत्र्यावर कडक उन्हात घातलंत तर उगवण तिथेच जाईल. बी तयार करायला रब्बी उत्तम.

बांधावरचा

पटलं. विक्रीचं मी म्हटलं ते मागे घेत नाही, पण रस्त्यावरच्या विक्रीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. आमच्याकडेही हायवेला टपऱ्या आहेत. माझ्या एका तुकड्याला तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि चौथीकडे ओढा. आसपास मका कुणाचाच नाही. मिसळण्याचा तुकडा तिथे टाकायचा असेल तर जागा माझी. कोल्हापूरचं मका संशोधन केंद्रही आम्हाला जवळ पडतं, तिथल्या साहेबांना दाखवायला आणता येईल.

हाताने पराग टाकायचे असतील तर पिशव्या कुठल्या आणि कधी घालायच्या?

हस्त_नक्षत्र

मिसळण्याच्या तुकड्याला पिशव्या लागत नाहीत, तिथे वाऱ्याला काम करू द्या. गावरानाशी जुळवताना लागतील. कणसाचे केस बाहेर डोकावायच्या आधी त्यावर छोटी बटर पेपरची पिशवी, एकदा केस दिसले की उशीर झाला. तुऱ्यावर मोठी कागदी पिशवी आदल्या संध्याकाळी घालून देठाशी टाचणीने बंद करायची. सकाळी दव उडालं की, साधारण ९ ते ११ च्या दरम्यान, तुरा वाकवून पिशवीत झटकायचा, जमा झालेली पिवळी भुकटी केसांवर टाकायची आणि तीच पिशवी कणसावर चढवून खोडाला बांधायची. पिशवीवर तारीख आणि आई-बाप दोघांचे नंबर पेन्सिलीने लिहा. शाई पहिल्याच दवाने पुसली जाते.

कुकडीकाठ

बांधावरचा दादा, जागा ठरली तर मग ती मिरजेचीच. वाणांच्या पिशव्या मी इथून पाठवतो. प्रत्येकाचं पाव किलो पुरेल, आणि पेरताना सगळ्यांचा फुलोरा एका वेळी यावा म्हणून उशिराच्या वाणाला चार दिवस आधी टोकून घ्या. धडगावच्या मक्याचं सातपुडा यांनी पाड्यावर विचारून इथेच कळवावं, तोवर त्या बियाण्याला हात लावायचा नाही.